चार ठोक्यांची जागा

खांद्यावरची शाल घसरू लागली तेव्हा विनीताने नारळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. मग गुलाबांचा गुच्छ कुठे धरायचा, हा प्रश्न आला. शेवटी गुच्छ काखेत गेला, नारळ पोटाशी आला आणि तशाच अवघडलेल्या अवस्थेत सुबोधने फोटोसाठी सगळ्यांना तिच्याभोवती उभं केलं.

"काकू, इकडे बघा. हसा की जरा!"

ती हसली. तीन वर्षं सुबोध तिला विनीताताई म्हणत आला होता. तो त्रेचाळीस वर्षांचा, ती चौपन्नची. अकरा वर्षांच्या अंतराने कोणी कोणाची काकू होत नाही. ताईची काकू नेमकी कुठल्या आठवड्यात झाली, ते तिला आठवेना. आज सगळ्यांच्या टाळ्यांमध्ये तो शब्द कानाला टोचला, एवढं खरं.

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका औद्योगिक इमारतीत सहाव्या मजल्यावर तालबेट पथकाचा गाळा होता. शेजारी खोके बनवणाऱ्यांचं काम चालायचं, त्यामुळे सराव फक्त रविवारी. भिंतीला अठरा ढोल टेकून ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या बाजूवर, जुनी चादर घट्ट बांधली होती. मागच्या वर्षी पाचव्या मजल्यावरून तक्रार गेल्यापासून पथक असंच चादरी बांधून वाजवत होतं.

"तर मंडळी," सुबोधने हात वर केला. दिवसभर टीमच्या मीटिंगा घेणाऱ्या माणसाला बोलायला माइक लागत नाही. "या वर्षी आपण पहिल्यांदा स्पर्धेत उतरतोय. अख्ख्या सिंगापूरमधून चौदा संघ आहेत. लायन डान्सवाले आहेत, मलय डफ वाजवणारे कोम्पांगवाले आहेत, जपानी टायको आहे. आणि आपण. हे रोपटं ज्यांनी लावलं, त्या विनीताकाकू आजपासून आपल्या पथकाच्या मार्गदर्शक!"

टाळ्या झाल्या. झांजवाल्यांनी झांजाही वाजवल्या.

"मार्गदर्शकाने काय करायचं असतं?" विनीताने हसतच विचारलं.

"काहीच नाही करायचं! आता आम्ही करायचं. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसायचं आणि आशीर्वाद द्यायचे."

पुन्हा हशा झाला. मराठी माणसाला कोणाला बाजूला करायचं असलं की तो सहसा भांडत नाही. भांडलं तर समोरच्यालाही बोलायची संधी द्यावी लागते. त्यापेक्षा तो लिटल इंडियात सेरंगून रोडवर जाऊन शाल आणतो. शाल अंगावर पडल्यावर तक्रार केली, तर तक्रार करणाराच कोता ठरतो. शिवाय हातात नारळ असला की ताशाच्या काड्या धरता येत नाहीत.

तिचा ताशा त्या वेळी नव्या ताशावादकाच्या, सौमित्रच्या गळ्यात होता. तांब्याच्या भांड्याचा, तिने स्वतः पुण्याहून मांडीवर ठेवून विमानातून आणलेला. "काकू, माझा अजून यायचाय, तोपर्यंत हा घेऊ ना?" असं त्याने मार्चमध्ये रीतसर विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. त्याचा ताशा काही आला नाही, आणि कोणाला तो यायची घाईही नव्हती.

पथक तिने सुरू केलं तेव्हा माणसं होती सात आणि ढोल दोन. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत ती कागदपत्रांच्या विभागात होती, म्हणून पुढचे ढोल कंटेनरमधून कसे आणायचे हे तिला ठाऊक होतं. पहिला सराव तिच्या जुरोंग ईस्टच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये झाला. पंधराव्या मिनिटाला दोन पोलीस आले, अतिशय सभ्यपणे उभे राहिले आणि दोघांतला धाकटा म्हणाला, "आंटी, व्हेरी नाइस, बट कॅनॉट." मग जागा शोधणं, परवानग्यांची पत्रं, आयटीतल्या पोरांना ढोलाची काठी, म्हणजे टिपरू, कसं धरायचं इथपासून शिकवणं, सगळं तिने केलं. एकोणीस वर्षांची असताना ती पुण्यात मुलींच्या पथकात ताशाला होती. त्या वेळी मिरवणुकीत मुलगी ताशा वाजवते म्हणून लोक टाचा उंचावून बघायचे. लग्न, सिंगापूर, नोकरी, लेक अवनी, या सगळ्यात तो हात तीस वर्षं बंद राहिला, आणि पन्नाशीनंतर पुन्हा उघडला. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट दोनदा मिळत नाही. तिला मिळाली होती.

आणि मग पाया लेबारच्या एका बँकेच्या आयटी विभागात सौमित्र रुजू झाला. एकोणतीस वर्षांचा, पुण्यात सहा वर्षं ताशा वाजवलेला. पहिल्याच रविवारी त्याने ताशावर तर्री, काड्यांची अखंड थरथर, घेतली आणि गाळ्यातले सगळे हातातलं काम सोडून बघत राहिले. विनीताही राहिली. त्याच्या काड्या दिसतच नव्हत्या. वाईट होतं ते हेच, की तो खरोखर चांगला वाजवत होता. उगाच मिरवणारा असता, उद्धट असता, तर तिला मनसोक्त रागवता आलं असतं. पण तो वाकून नमस्कार करायचा, वेळेवर यायचा आणि सराव संपल्यावर गाळा झाडायचा.

सत्काराच्या आदल्याच रविवारी ती सुबोधला एकट्याला गाठून बोलली होती.

"सौमित्र पुढे राहू दे, माझं काही म्हणणं नाही. मी दुसऱ्या ताशाला उभी राहते."

"छे, छे! तुम्हाला दुसऱ्या ताशाला कसं उभं करणार? बरं दिसतं का ते?"

"मला चालेल, सुबोध."

"तुम्हाला चालेल हो, तुमचा मोठेपणा आहे. पण आम्हाला नाही चालणार. लोक काय म्हणतील, ज्यांनी शिकवलं त्यांनाच मागे उभं केलं?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. स्पर्धेत जास्तीत जास्त चोवीस वादक चालणार होते आणि पथकात पंचवीस होते, हेही त्याने सांगितलं नाही. ते तिने स्वतः मोजलं.

घरी अवनीने शालीची घडी घालून ती कपाटात ठेवली. वीस वर्षांची अवनी पथकात ढोल वाजवायची; तिला तो विनीतानेच शिकवला होता, घरात सोफ्याच्या उशीवर टिपरू मारून.

"आई, तू अपसेट आहेस का?"

"नाही गं."

"यू आर, लाह." अवनी पलंगाच्या कडेला बसली. "बट ऑनेस्टली? ही इज फास्टर. मागच्या गणपतीत तू एंडला स्लो झाली होतीस. आम्ही सगळे तुझ्यासाठी स्लो झालो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुला कसं सांगणार?"

विनीताने अंगठ्याचा सांधा दाबला. तिथे दुखायचं, पण वाजवताना नाही, नंतर दुखायचं. हे तिने अवनीला सांगितलं नाही. सांगून काही फरक पडला नसता.

मार्गदर्शक म्हणून ती सरावाला जात राहिली. जाऊ नये असं दर रविवारी सकाळी वाटायचं आणि दुपारी ती गाळ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली असायची. कोणी तिला टेह, इथला दुधाळ चहा, आणून द्यायचं, कोणी पंखा तिच्याकडे वळवायचं. प्रश्न मात्र कोणी विचारायचं नाही.

स्पर्धेची नियमावली आली तेव्हा सुबोधने ती सगळ्यांना वाचून दाखवली. वेळ आठ मिनिटं. सातवा नियम त्याने दोनदा वाचला: स्टेजवर कोणत्याही धर्माची घोषणा, चिन्ह किंवा झेंडा नको; नियम मोडला तर संघ त्याच फेरीत बाद, आणि एकदा बाद झालेल्या संघाला त्या वर्षी पुढच्या फेऱ्या नाहीत.

"म्हणजे गजर नाही?" ढोलाच्या ओळीतून पद्माकरने विचारलं. तो सगळ्यात जाडजूड ढोल वाजवायचा आणि गजर त्याचाच असायचा.

"गणपतीत घे की हवा तेवढा. इथे सगळ्या धर्मांचे लोक असतात, कोणीच आपापले देव स्टेजवर आणत नाही. मला तर नियम योग्यच वाटतो."

विनीतालाही तो योग्य वाटला होता. या बेटावर बावीस वर्षं राहिल्यावर ती असल्या गोष्टींचा अर्थ ओळखून होती.

अडचण नियमात नव्हती, वादनात होती. सौमित्रने बांधलेल्या आठ मिनिटांत सहाव्या मिनिटाला एक जागा होती. सगळं वादन चढत चढत वर जायचं, मग एका फटक्यात थांबायचं, चार ठोके पूर्ण शांतता, आणि पाचव्याला ताशा एकटा उठायचा. पुण्यात अशा जागी गजर घेतात. इथे ती जागा रिकामी ठेवली होती. पहिल्या सरावाला पद्माकर सरळ ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि तेवीस जणांनी "मोरया!" करून मोकळं व्हायला क्षणही लागला नाही. मग सगळे एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी पद्माकरने ओठ मिटून धरले, पण त्याची मान तेवढ्यापुरती हललीच.

"काकू," सौमित्र एकदाच तिच्या खुर्चीपाशी आला, "ही जागा बदलावी का? तुम्हाला काय वाटतं?"

सहा महिन्यांत वादनाबद्दल त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. विनीता खुर्चीत सावरून बसली.

"बदल. ती जागा गजराच्याच मापाची आहे. चार ठोके, दोन म्हणणाऱ्याचे, दोन उत्तराचे. आपल्या माणसाच्या तोंडून तिथे उत्तर जाणारच. तीन ठोक्यांची कर, नाहीतर पाचाची. माप बिघडव."

सौमित्र विचारात पडला. त्याला पटत होतं, हे तिला दिसलं. तेवढ्यात सुबोध टॉवेलने मान पुसत आला.

"काय चाललंय? नाही नाही, आता काही बदलायचं नाही, तीन आठवडे राहिलेत. काकू, तुम्ही आता डोक्याला ताप करून घेऊ नका हं. एन्जॉय करा."

सौमित्रने तिच्याकडे पाहिलं, सुबोधकडे पाहिलं आणि ताशा गळ्यात अडकवला. जागा तशीच राहिली.

पहिली फेरी जुरोंग ईस्टला एका सभागृहात होती, रविवारी दुपारी तीन वाजता. आत एसी इतका की लोक हात चोळत बसले होते. सुबोधने आवर्जून शाल घेऊन यायला सांगितलं होतं, फोटोत बरी दिसते म्हणून. विनीता पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसली. डावीकडे एका कोम्पांग संघातल्या मुलाची आई होती. तिने हसून विनीताला चिंचेची गोळी दिली.

तालबेटचा नंबर सहावा होता. चोवीस जण पांढऱ्या कुडत्यात, कमरेला लाल शेले बांधून स्टेजवर आले. ढोलांवर आज चादरी नव्हत्या. तिसऱ्या ओळीत अवनी होती. तिने आईकडे पाहून भुवया उडवल्या. निवेदक तरुण, चुणचुणीत होता. त्याने हातातल्या कार्डावरून वाचलं, की हा संघ सुबोध यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला असून ताशावर आहेत सौमित्र. मग सुबोधने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, पुढच्या रांगेकडे हात केला आणि निवेदकाचा चेहरा उजळला.

"अँड लेडीज अँड जंटलमन, प्लीज गिव्ह अ बिग हँड टू द टीम्स नंबर वन फॅन, आंटी विनीता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोम्पांगवाल्या बाईनेही वाजवल्या. विनीताला उभं राहून हात जोडावे लागले. सुबोध स्टेजवरून कौतुकाने हसत होता; आपण काय सांगितलं आणि काय पोचलं, याचा त्याला पत्ताच नव्हता. किंवा त्याने तेच सांगितलं असेल. ती खाली बसली.

मग सौमित्रने ताशा उठवला.

वर्षभर चादरीखाली दबलेला आवाज पहिल्यांदाच मोकळा सुटला. पहिल्या मिनिटात ती चुका शोधत होती, दुसऱ्या मिनिटात तिने शोधणं सोडलं. एकही टिपरू मागे पडत नव्हतं. पोरं, जी तिच्या हाताखाली टिपरू उलटं धरायची, ती आता खांद्यातून नाही, मनगटातून वाजवत होती. हे तिनेच शिकवलं होतं. त्यावर तिची सही कुठेच नव्हती. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. परीक्षकांतल्या एका वयस्कर चिनी बाईंनी पेन खाली ठेवून दिलं आणि त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

विनीता बुटातल्या अंगठ्याने ठोके धरत होती. तिने हे आधी ठरवलं होतं का, असा प्रश्न पुढे तिने स्वतःला अनेकदा विचारला, आणि दर वेळी प्रामाणिक उत्तर एकच आलं. आधी नाही. घरून निघताना नाही, टाळ्यांसाठी उभी राहिली तेव्हाही नाही. सहाव्या मिनिटाला वादन वर चढू लागलं तेव्हा तिने शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि तेव्हा ठरवलं.

ढोल थांबले. सभागृहात एवढी शांतता झाली की एसीचा घोगरा आवाज ऐकू आला.

"गणपती बाप्पा," विनीता म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडायची गरजच नव्हती.

"मोरया!"

चोवीस तोंडांतून एकदम आलं. कोणी ठरवून म्हटलं नाही. समोरून आलेल्या चेंडूला हात जावा तसं ते गेलं. पद्माकरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पाचव्या ठोक्याला सौमित्रचा ताशा नेमका उठला, त्यामागे अठरा ढोल कोसळले आणि सभागृह अक्षरशः उभं राहिलं. दुपारभरात कोणाला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या तालबेटला मिळाल्या. कोम्पांगवाल्या बाईने विनीताचा दंड पकडून हलवला, "वाह, सो पॉवरफुल!" स्टेजवर मात्र पहिल्या ओळीतल्या तिघा-चौघांचे चेहरे पांढरे पडलेले दिसत होते. उरलेली दोन मिनिटं त्यांनी तसंच, चोख वाजवलं.

निकाल सगळ्यांत शेवटी आला. वयस्कर परीक्षक बाई बोलताना मनापासून वाईट वाटल्यासारख्या दिसत होत्या. आजचं सर्वांत जिवंत वादन तालबेटचं होतं, असं त्या म्हणाल्या. पण सातवा नियम सगळ्यांना सारखा आहे आणि असायला हवा. तालबेट बाद. तालबेटचा पहिला सीझन आठ मिनिटांत आटोपला.

सभागृहाच्या मागे, लॉरी लागते तिथे, पथक गोळा झालं. पोरं ढोलांचे दोर सैल करत होती. अवनी भिंतीला टेकून रडत होती, आणि तिच्याबरोबर ढोल वाजवणारी स्मिता तिच्या पाठीवर हात फिरवत होती. या फेरीसाठी अवनीने युनिव्हर्सिटीचा एक प्रोजेक्ट मित्रांवर सोडला होता, आणि तिचे दोन्ही तळवे सोलवटलेले होते. विनीताला ते तळवे दिसले, तेव्हा पहिल्यांदा तिचे पाय जागेवरच थबकले. सभागृहातून इथवर येताना ती सुबोधचा विचार करत होती, सौमित्रचा करत होती. तळव्यांचा केला नव्हता.

"पण सुरुवात कोणी केली?" पद्माकर म्हणाला. "मी नाही हं. देवाशप्पथ, मी तोंड मिटून होतो."

सगळ्यांनी ऐकलं होतं, पण दोघातिघांनी विनीताकडे पाहून लगेच नजर वळवली, घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून कप फुटल्यावर वळवतात तशी.

"जाऊ दे," सुबोध म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "काकूंच्या तोंडून निघून गेलं. होतं असं."

"माझ्या आईचं पण अस्संच," स्मिता म्हणाली. "परवा व्हिडिओ कॉलवर ढोल ऐकला तरी हात जोडले तिने."

"निघून गेलं नाही," विनीता म्हणाली. "मी म्हटलं."

"हो काकू, तेच म्हणतोय मी."

"मुद्दाम म्हटलं, सुबोध. तुम्ही उत्तर देणार, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं."

आता कोणीतरी ओरडेल, असं तिला वाटलं. खरं तर तिला तेच हवं होतं. सुबोध तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, असं स्वतःला लावून घेऊ नका. तुम्ही मुद्दाम कराल? तुम्ही? पथक उभं कोणी केलं? आम्ही काय लहान आहोत का, आम्हाला कळत नाही?" त्याने तिचे हात दाबले. "चूक आमची आहे. आम्ही तोंडं आवरायला हवी होती. तुमच्यावर कोणी एक शब्द बोलणार नाही, काय रे?"

"नाही, नाही," चारपाच जण म्हणाले.

"काकूंना पाणी द्या कोणीतरी."

पाणी आलं. अवनी नाक पुसत जवळ आली आणि तिने आईला मिठी मारली. "इट्स ओके, आई. हॅबिट आहे तुझी. नॉट युवर फॉल्ट." विनीताला लेकीच्या कुडत्याला घामाचा आणि लाकडाचा वास आला. पुन्हा सांगायचा धीर तिच्यात नव्हता, आणि तिसऱ्यांदा सांगितलं असतं तरी त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

ढोल लॉरीत चढू लागले. गर्दी पांगली तेव्हा सौमित्र ताशा कापडात गुंडाळत तिच्यापाशी आला. बसायला जागा असूनही तो उभाच राहिला.

"दुसऱ्या ठोक्याला संपवलंत," तो म्हणाला.

"काय?"

"गजर. बरोबर दोन ठोक्यांत बसवलात. दोन आमच्यासाठी मोकळे ठेवलेत." तो कापडाची गाठ मारत होता, वर बघत नव्हता. "सवयीने म्हणणारा माणूस बाप्पावर हेल काढतो. तुम्ही हेल काढला असता ना, तर निम्मे जण गोंधळून गप्प राहिले असते. मीही राहिलो असतो. पण इतकं चोख आल्यावर माझ्याही तोंडून गेलंच."

विनीताने त्याच्याकडे पाहिलं.

"मग सांग त्यांना."

"तुम्ही सांगितलंत की. कोणी ऐकलं?"

तो हसला नाही. त्याने ताशा काखेत धरला.

"माझा नोकरीचा पास डिसेंबरपर्यंत आहे. पुढे रिन्यू होत नाहीये, कंपनीने कळवलंय. पुढच्या सीझनला मी इथे नाही." मग, जणू हिशेब पुरा करायचा म्हणून, तो म्हणाला, "लय पक्की आहे तुमची. हे मी आधी सांगायला हवं होतं."

हे ऐकण्यासाठी ती सहा महिने त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. आता ते ऐकल्यावर तिला कुठे बघावं, हे कळेना. सौमित्र वळला आणि तिच्याशी आणखी एक शब्द न बोलता लॉरीकडे गेला. पद्माकरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघांनी मिळून शेवटचा ढोल उचलला.

सुबोधने दोघींसाठी टॅक्सी बोलावली होती. खरं तर घर चालत दहा मिनिटांवर होतं, आणि विनीता लिफ्ट बंद असली तर आठ मजले उतरायची. पण काकू आज थकल्या असतील, असं सगळ्यांचं मत पडलं. लॉरी भरायच्या ओट्यावरून रस्त्यावर उतरायला तीन पायऱ्या होत्या. ओट्यावर उभे असलेले सगळे बाजूला सरले, त्यांनी वाट करून दिली. अवनीने तिचा दंड धरला.

"आई, स्टेप्स आहेत. स्लोली."

सगळे बघत होते, मायेने. विनीताने दंड सोडवून घेतला नाही. पहिल्या पायरीवर तिने पाऊल जरा जपून टाकलं, आणि दुसऱ्या पायरीवर लेकीच्या हातावर थोडा भार दिला.